इगतपुरीत सूर्याकडे पाठ करा!

वीकेण्ड, इगतपुरी आणि संध्याकाळ म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला सीन असतो. दरीच्या कडेला गाड्यांची रांग, बॉनेटला टेकलेली मंडळी, भाजलेल्या कणसाचा वास आणि प्रत्येकाचा मोबाइल पश्चिमेकडे रोखलेला. सूर्य ढगात शिरतो न शिरतो तोच 'चला चला, झालं' म्हणत सगळे गाडीत. पाच मिनिटांत पॉइंट रिकामा! घरी येऊन बघावं तर दोनशे फोटो आणि दोनशेही सारखे. वर केशरी पट्टा, खाली काळा पट्टा, मधे एक पांढरा ठिपका. हा फोटो जुहूलाही निघतो की. त्यासाठी कसारा घाट कशाला चढायचा?

पोरांना घेऊन इगतपुरीला जायला लागून आम्हाला सहा-सात वर्षं झाली. थोरला आता दहाचा, धाकटी सहाची. कॅमेरा माझ्याकडे, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर आणि बिस्किटांचे पुडे भरलेली सॅक नवऱ्याकडे. इतक्या संध्याकाळी तिथे घालवल्यावर माझं एक मत अगदी पक्कं झालंय. इगतपुरीची खरी संध्याकाळ पश्चिमेला होतच नाही, ती पूर्वेला होते. तेव्हा बिनधास्त सूर्याकडे पाठ करा. फोटो चांगले येतात हे एक कारण. पण मुलं बरोबर असतील तर दुसरं कारण जास्त मोठं आहे : पश्चिमेला दरी आहे आणि पूर्वेला जमीन.

जरा भूगोल बघू या, म्हणजे मुद्दा कळेल. इगतपुरी वसलंय समुद्रसपाटीपासून साधारण दोन हजार फुटांवर, थळ घाटाच्या माथ्यावर. आपण ज्याला सरसकट कसारा घाट म्हणतो तोच हा. गावाच्या पश्चिमेला पठार एकदम तुटतं आणि खाली भातसा नदीचं खोरं, शहापूरचं जंगल असं कोकणाच्या दिशेने सगळं उतरत जातं. कॅमल व्हॅली म्हणा, भातसा खोऱ्याचा पॉइंट म्हणा, सूर्यास्तासाठी लोक जिथे जातात त्या जागा या तुटलेल्या काठावरच्या. पूर्वेला मात्र चित्र उलटं. घोटीच्या दिशेने निघालं की भाताची खाचरं, माळ, मधेच एखादं टेकाड आणि त्यापलीकडे, दक्षिण-आग्नेयेला, महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतली सगळ्यात उंच रांग. डावीकडे कळसूबाई, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. तिच्या उजवीकडे अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत. ट्रेकर मंडळी या तिघांना 'एएमके' म्हणतात आणि नाव काढलं तरी त्यांचे डोळे चमकतात.

आता विचार करा. सूर्य पश्चिमेला खाली जातोय आणि त्याचा आडवा, पिवळाजर्द उजेड थेट या भिंतीवर पडतोय. हिवाळ्यात तर सूर्य नैर्ऋत्येकडे सरकून मावळतो, त्यामुळे रांगेवरचा उजेड अगदी बाजूने येतो. बाजूचा उजेड म्हणजे लॅण्डस्केपवाल्यांसाठी लॉटरी! दुपारी जो डोंगर पुठ्ठ्यातून कापल्यासारखा सपाट दिसतो, त्याच्या प्रत्येक घळीत सावली भरते, कातळाच्या पायऱ्या सुट्या होतात, मदनचा सुळकेवजा माथा वेगळा उठून येतो. शेवटची पाच मिनिटं तर फक्त माथे पेटलेले असतात, खालचं खोरं निळ्या सावलीत गेलेलं असतं. आणि हे सगळं चालू असताना आजूबाजूची गर्दी दुसरीकडे तोंड करून उभी!

दुसऱ्या कारणाबद्दल जरा गंभीरपणे बोलू या. लहान मुलं बरोबर असलेल्या फोटोग्राफरचा एक कायमचा लोच्या असतो. कॅमेऱ्याला डोळा लावला की बाकीचं जग बंद होतं. मोबाइलचंही तेच, नजर त्या सहा इंचांत अडकते. 'दोनच मिनिटं हं' असं आपण म्हणतो, ती दोन मिनिटं दहा होतात आणि तेवढ्यात धाकटी कुठे होती हे आपल्याला माहीत नसतं. त्यातून ही वेळ अशी, की उजेड मिनिटागणिक कमी होतोय, मुलं दिवसभर हुंदडून दमलेली, भुकेलेली, किरकिरी झालेली. दिवसातला सगळ्यात सुंदर उजेड आणि पोरांचा सगळ्यात वाईट मूड एकाच वेळी येतो, हा निसर्गाचा खास विनोद असावा. अशा वेळी पायाखाली सपाट माळ असेल तर जास्तीत जास्त गुडघा फुटेल. कडा असेल तर?

घाबरवायचं नाहीये. पण ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी डॅमजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात मुलं होती. त्याच वर्षी जुलैमध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी रील शूट करताना एक तरुणी दरीत पडून गेली. दोन्ही ठिकाणी माणसं आपल्यासारखीच, सुट्टीची मजा घ्यायला आलेली. म्हणून आमच्या घरात एक नियम आहे आणि तो कुठल्याही फोटोपेक्षा वरचा आहे. काठावर जायचं असेल तर दोघांपैकी एकाच्या हातात कॅमेरा नसणार, मोबाइलही नसणार. त्याचं काम एकच, मुलांकडे बघणं. मी एकटीच मुलांना घेऊन गेले असेन तर काठ हा विषयच बाद. ट्रायपॉड माळावर लागतो. नवऱ्याला हा नियम सुरुवातीला जाचक वाटायचा, कारण 'ड्यूटी' बहुतेक वेळा त्याचीच. आता तोच मला आठवण करून देतो.

माळावर करायचं काय, हा पुढचा प्रश्न. आधी वेळेचं गणित. फोटोग्राफीच्या पुस्तकांत 'गोल्डन अवर' असा शब्द असतो. ही पुस्तकं बहुधा युरोप-अमेरिकेत लिहिलेली. तिकडे सूर्य क्षितिजाकडे तिरका, रेंगाळत उतरतो. आपल्याकडे, विषुववृत्ताच्या जास्त जवळ, तो बऱ्यापैकी सरळ खाली येतो. सोनेरी उजेडाची जी पट्टी लंडनला मार्च-सप्टेंबरात चाळीसेक मिनिटं टिकते, ती इगतपुरीला पंचवीस-अठ्ठावीस मिनिटांत आटोपते. सूर्य बुडाल्यावरचा कामाचा संधिप्रकाश आणखी वीस-बावीस मिनिटं. म्हणजे गोल्डन अवर वगैरे काही नाही, गोल्डन अर्धा तास! मुलांच्या आयांनो, ही गुड न्यूज आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दीड तास उजेडाची वाट बघत बसवणं अशक्य. पण एकूण पाऊण तासाचा कार्यक्रम आखता येतो, कार्टूनचे दोन एपिसोड असतात तेवढाच.

त्यासाठी एक साधी युक्ती : जेवण उलटं करा. साडेचार-पाचलाच मुलांना नीट, पोटभर खायला घाला. पोळीचा रोल, उपमा, दहीभात, जे काही तुमच्याकडे चालतं ते. वेफर्सच्या पाकिटावर संध्याकाळ निघत नाही. आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर पोचा, म्हणजे पोरांची धावाधाव उजेड सपाट असतानाच उरकून जाते. त्या तासात मी कॅमेरा बाहेरही काढत नाही. ट्रायपॉड कुठे ठेवायचा, फ्रेममध्ये विजेच्या तारा येताहेत का, शेताचा बांध कुठल्या बाजूने फोटोत शिरतोय, एवढं चालत-चालत बघून ठेवायचं. तारांचं खरंच बघा. या पठारावर विजेचे मनोरे खूप आहेत. डोळ्याला ते दिसत नाहीत आणि फोटोत नेमके कळसूबाईच्या माथ्यावरून जातात.

घोटीच्या अलीकडे-पलीकडे कुठलाही आडरस्ता पकडा आणि गावाच्या जरा बाहेर या, जागा सापडते. नेमका पॉइंट मी सांगणार नाही. एकतर तिथे बोर्ड नाही, स्टॉल नाही आणि ते तसंच राहावं अशी इच्छा आहे. दुसरं म्हणजे यातली बरीचशी जमीन कुणाची तरी शेती आहे. दिवाळीच्या आसपास भात कापणीला आलेला किंवा कापून खळ्यावर आलेला असतो. खाचरात पाय घालण्याआधी माणूस दिसला तर विचारा. बहुतेक वेळा 'जा की' असंच उत्तर मिळतं. गेल्या खेपेला बांधावर बसलेल्या एका मावशींना विचारलं, "फोटो काढला तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "माझा?" म्हटलं, "नाही हो मावशी, डोंगराचा." "मंग मला काय इचारता? डोंगर काय माझा हाये?" आणि मग पोरांकडे बघून, "या रे, लोंबी बघितली का कधी भाताची?" पुढची वीस मिनिटं माझी पोरं भाताच्या लोंबीतून दाणे सोलत होती आणि मी निवांत ट्रायपॉड लावला. मावशींचाही फोटो काढला, पण तो नंतर, त्यांना विचारून आणि लगेच दाखवून. शेतावर राबणाऱ्या माणसाला न विचारता 'रुरल लाइफ' म्हणून टिपणं मला पटत नाही.

आता सूर्य बुडाला. पश्चिमेची मंडळी गाड्या स्टार्ट करतायत. आणि इथे, माझ्या मते, शोचा इंटरव्हल संपतो. सूर्यास्तानंतर पाच-सात मिनिटांनी पूर्वेच्या क्षितिजाकडे नीट बघा. हवा स्वच्छ असेल तर डोंगरांच्या लगत एक निळसर-राखाडी पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्या डोक्यावर फिकट गुलाबी पट्टा. ढग नव्हे तो. ती पृथ्वीची सावली! आपण उभे आहोत त्या पृथ्वीचीच, वातावरणावर पडलेली. वरच्या गुलाबी पट्ट्याला इंग्रजीत 'बेल्ट ऑफ व्हीनस' असं झकास नाव आहे. मावळत्या सूर्याचा तांबूस उजेड उंचावरच्या हवेला लागून आपल्याकडे परततो, त्याचा तो रंग. दहा-पंधरा मिनिटांत सावली वर सरकते, पट्टा विरतो, रात्र होते. रात्र 'होते' म्हणजे काय, हे इतकं सरळ डोळ्यांनी दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

थोरल्याला मी हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्याने हात हलवून बघितला, सावलीत आपला हात दिसतो का म्हणून. धाकटीचा प्रश्न वेगळाच होता. "आई, मग आपण आत्ता सावलीत आलो का?" आलोच की! सूर्य मावळला म्हणजे आपण पृथ्वीच्या सावलीत शिरलो. पाठ्यपुस्तकातली आकृती समजावायला पाऊण तास लागतो, हे एका वाक्यात झालं.

फोटोसाठी हा उजेड फार सोपा आहे. समोर सूर्य नाही, त्यामुळे आकाश आणि जमीन यांच्या उजेडात फारसा फरक नाही. साधा मोबाइलही दोन्ही नीट टिपतो. फक्त त्याला जास्त हुशारी करू देऊ नका. ऑटोवर सोडलं की तो सोनेरी उजेडाला 'चुकलेला रंग' समजतो आणि पांढरा करून टाकतो. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी'वर ठेवला की पिवळं पिवळंच राहतं, गुलाबी गुलाबीच. डोंगरावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर किंचित खाली ओढा. सूर्य बुडाल्यावर ट्रायपॉड हवाच, नसेल तर मोबाइल सॅकवर टेकवा आणि टायमर लावा. कॅमेरा असेल तर वाइड लेन्स बॅगेतच राहू दे. वाइडने कळसूबाईची मुंगी होते. टेलिलेन्स लावली की रांगा एकमेकींजवळ येतात. जवळची गडद, मागची फिकी, त्यामागची आणखी फिकी. हे थर म्हणजेच सह्याद्री, बाकी सगळं ग्रीटिंग कार्ड.

मुलं फोटोत हवीत का? माझं उत्तर : हवीत, पण त्यांना उभं करून नाही. 'इकडे बघ, हस, हात वर कर' हे दोनदा झालं की मुलं कॅमेरा बघून पळायला लागतात आणि त्यांचं बरोबर असतं. उलट ती आपल्या उद्योगात असताना लांबून टिपा. बांधावरून तोल सांभाळत चाललेली बारकी आकृती आणि मागे पेटलेला डोंगर, यात डोंगराची उंचीही कळते आणि मूलही. उजेड कमी असताना पळणारं मूल मात्र धूसर होतं. शटर स्पीड सेकंदाच्या दोनशे पन्नासाव्या भागाच्या खाली गेला की पळण्याचा नाद सोडा आणि त्यांना दगडावर बसून काहीतरी मोजायला द्या. आकाशात दिसलेली पहिली चांदणी, घरी परतणारे बगळे, दूरच्या वाडीत लागलेला पहिला दिवा. सावलीचे फोटो घ्यायचे तर पश्चिमेकडे एकदाच वळा, मुलांना आकाशासमोर ठेवा, तुम्ही खाली बसा. मूल काळी आकृती होतं आणि चेहरा दिसत नसल्यामुळे इन्स्टावर टाकतानाही जीव खाली-वर होत नाही.

यातला माझा सगळ्यात लाडका फण्डा म्हणजे कॅमेरा मुलांच्या हातात देणं. दोन हजारच्या दशकातले ते चपटे, चंदेरी डिजिकॅम आठवतात? गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या पोरापोरींनी ते पुन्हा फॅशनमध्ये आणलेत. तुमच्या कपाटातही एखादा पडलेला असेल. बॅटरी चालत असेल तर तो मुलांचा. थोरल्याला मी एका संध्याकाळी वीसच फोटो काढायची मुभा देते, म्हणजे तो बघून मग बटण दाबतो. धाकटीला मुभा-बिभा काही नाही. तिच्या कॅमेऱ्यात काय निघतं? नव्वद टक्के तिचे बूट. पण एकदा तिने काढलेला एक फोटो मी प्रिंट करून घरात लावलाय. तिच्या उंचीवरून, म्हणजे साडेतीन फुटांवरून, भाताची कापलेली ताटं एवढी मोठी, जंगलासारखी, आणि त्यांच्या फटीतून कुलंगचा सपाट माथा. मी कमरेत वाकले असते तर मलाही तो मिळाला असता. मी वाकत नाही.

सगळ्याच संध्याकाळी माळावर घालवायला हव्यात असं नाही. पाणी आवडत असेल तर भंडारदऱ्याच्या रस्त्यावरचं भावली धरण आहे. सूर्य डोंगराआड गेल्यावर जमीन काळवंडते, पण पाणी आकाशाचा उजेड धरून ठेवतं, त्यामुळे दहा मिनिटं जास्त मिळतात. फक्त मुलं पाण्यापासून लांब आणि हाताशी, इथे काठाचाच नियम लागू. त्रिंगलवाडी किल्ल्याच्या पायथ्याचा तलावही तसाच. तिथे जैन लेणं आहे आणि वर दरवाज्याजवळ कातळात कोरलेला मारुती. दहा वर्षांच्या मुलाला किल्ला सहज झेपतो, पण तो सकाळचा कार्यक्रम करा. वर सूर्यास्त बघून अंधारात कातळातल्या पायऱ्या उतरणं, मुलांसकट, मुळीच नको. घाटनदेवीच्या मंदिरापाशी नजारा मस्त आहे, हायवेजवळ असल्यामुळे गर्दीही. विहिगावचा धबधबा शाहरुखच्या २००१मधल्या 'अशोका'नंतर 'अशोका धबधबा' झाला आणि तेव्हापासून पावसाळ्यात तिथे जत्राच. संध्याकाळच्या उजेडासाठी त्याचा काही उपयोग नाही. आणि धम्मगिरीचा सोनेरी पॅगोडा मावळत्या उजेडात कितीही खुणावत असला तरी तो बाहेरूनच, लांबूनच बघावा. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ साली सुरू केलेल्या या विपश्यना केंद्रात माणसं दहा-दहा दिवस मौन धरून बसलेली असतात. किलबिल करणारी दोन पोरं आणि क्लिक-क्लिक करणारी आई ही त्यांना नको असलेली तिन्ही गोष्टी.

जायचं कसं? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला आणि मुंबईकरांचं काम सोपं झालं. साधारण आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यातून घाट मिनिटांत मागे पडतो. मुलांना बोगदा आवडतो, पण मी म्हणेन की जाताना घाट चुकवू नका. त्यासाठी उत्तम उपाय म्हणजे रेल्वे. मुंबईहून सुमारे १३७ किलोमीटर. कसारा ते इगतपुरी हा घाटातला रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला आणि त्याची चढण एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेल्वेसाठी ही भिंतच. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात, ती मागून गाडी ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत मात्र असा धक्का न घेता चढते, आणि थोरल्याच्या मते हे चीटिंग आहे. दुपारी इगतपुरी स्टेशनात उतरून बँकर सुटताना बघणं, एकेक गरमागरम वडापाव, मग रिक्षा किंवा जीप करून मुक्कामाला. मुलांचा अर्धा दिवस इथेच वसूल. कसाऱ्यापर्यंत लोकलने येऊन पुढे शेअर जीपनेही जाता येतं.

एक रात्र मुक्काम करा, हे आग्रहाने सांगेन. सूर्यास्त बघून त्याच रात्री अंधारात, ट्रकच्या रांगेत जुना घाट उतरायचा आणि मागच्या सीटवर कुणाला तरी उलटी होतेय, हे कुठल्याही फोटोच्या लायकीचं नाही. घाटाच्या वळणावर गाडी थांबवून 'एकच क्लिक' तर मुळीच नाही. समृद्धीवर थांबायला बंदीच आहे, ते बरंय.

राहता राहिला सीझन. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी हिरवीगार, ढगांत बुडालेली, पावसाने झोडपलेली. मजा येते, पण संध्याकाळ अशी नसतेच. दुपारी चार आणि सात सारखेच राखाडी. मार्चनंतर गवत वाळतं, राब भाजण्याचा धूर उठतो आणि कळसूबाई धुरकट पडद्यामागे जाते. खरे दिवस सप्टेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत. पाऊस नुकताच हवा धुऊन गेलेला असतो, रांगेचे उतार आधी हिरवे, मग पिवळे. सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, म्हणजे मुलं जेवून साडेआठला झोपू शकतात. स्वेटर मात्र घ्या. सूर्य गेला की पठारावरचा गारठा झपकन अंगावर येतो, आणि कुडकुडणारं मूल अर्ध्या मिनिटात तुमचं शूट संपवतं. टॉर्चही हवा, प्रत्येक मुलाला स्वतंत्र. एकच टॉर्च असेल तर फोटोऐवजी भांडणं निघतात.

आणि एकाच संध्याकाळी जाणं जमणार असेल, तर कोजागिरीच्या आदल्या दिवशी जा. कोजागिरीला नाही, आदल्या दिवशी! पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्य मावळतानाच उगवतो, आणि डोंगराआडून वर येईपर्यंत जमिनीवर अंधार झालेला असतो. मग फोटोत एकतर चंद्राचा पांढरा गोळा येतो नाहीतर काळी जमीन. चतुर्दशीला तो पाऊण तास आधीच उगवतो. शेतावर अजून उजेड आहे, पूर्वेला गुलाबी पट्टा चढतोय आणि त्यातच चंद्र, सगळं एकाच एक्स्पोजरमध्ये. उगवता चंद्र मुलांना परातीएवढा वाटतो. त्यांना हात लांब करून करंगळीच्या नखाने तो झाकायला सांगा. झाकला जातो! आणि वर आल्यावर, लहान 'झाल्यावर', पुन्हा झाकायला सांगा. नख तेवढंच लागतं. मसाला दुधाचा थर्मास आदल्या दिवशीच नेला तरी कुणी काही म्हणत नाही.